तुम्ही विचारलंत म्हणून: अप्पा अभंग म्हणतात, मग बोलत का नाहीत?

दर आठवड्याला कुणी ना कुणी विचारतंच. शेजारच्या काकू, दूध घालणारा दादा, शाळेतल्या बाई. "एकादशीला भजनात अप्पा अख्खा अभंग म्हणाले की, मग घरात पाणी मागायला काय होतंय? मुद्दाम करतात काय?" दारात उभं राहून ह्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून नीट लिहिते.

अप्पा निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते, चाळीसेक वर्षं. घरात मराठी, वखारीत निम्मं कन्नड, कारण चिकोडी-हुक्केरीकडचे शेतकरी माल घेऊन यायचे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी उजव्या हातातनं कपबशी सुटली, तोंड वाकडं झालं. जवळच्या एका दवाखान्यात अशक्तपणा म्हणून सलाईन लावलं आणि त्यातच दुपार झाली. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे मी पुढे वाचलं, बेळगावला पोचलो तोवर ती वेळ गेली होती. हे अजून सलतं, त्यामुळं तुम्ही तरी लक्षात ठेवा, तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं की घड्याळ बघायचं आणि थेट मोठं हॉस्पिटल गाठायचं.

मार मेंदूच्या डाव्या बाजूला बसलेला. बहुतेक लोकांची भाषा मुख्यतः डाव्या मेंदूत असते आणि उजवा हातही तिकडनंच हलतो, म्हणून दोन्ही एकदम गेलं. ह्याला वाचाघात म्हणतात, डॉक्टर अफेजिया म्हणतात. बुद्धी जात नाही, जीभही धड असते, पण मनातल्या गोष्टीला शब्द सापडत नाही.

आणि 15व्या दिवशी पहिला शब्द आला तो शिवी. नर्सनं कूस बदलताना खांदा दुखला आणि माळकरी माणसाच्या तोंडातनं अशी शिवी आली की आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली. एक पाव्हणे म्हणाले, आजारपणात माणसाचा खरा स्वभाव कळतो. आईला ते इतकं लागलं की ती दोन दिवस जेवली नाही, आयुष्यभर दाबलेलं बाहेर आलं काय गं, हेच विचारायची.

मी वाचत सुटले ते त्या दोन दिवसांमुळं. 1861 मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या सर्जननं एक पेशंट तपासला, लबोर्न आडनावाचा, त्याला बरीच वर्षं फक्त 'तान' एवढंच म्हणता यायचं. पण चिडला की देवाच्या नावाची एक शिवी मात्र स्पष्ट यायची! तो गेल्यावर ब्रोकानं त्याचा मेंदू बघितला तर डाव्या कपाळामागचा भाग खराब झालेला. शिवी, जप, एक-दोन-तीन, नमस्कार, हे आपण शब्द जुळवून बोलत नाही, ते तयार गठ्ठ्यासारखं बाहेर पडतं आणि त्यासाठी मेंदूच्या उजव्या बाजूची आणि आत खोल असलेल्या भागांची बरीच मदत होते. तो भाग अप्पांचा शाबूत आहे. म्हणजे शिवी मनाच्या तळातनं आली नव्हती, उघड्या राहिलेल्या वाटेनं आली होती. आईला मी हे तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा ती जेवायला बसली.

अभंगाचं तेच. 1745 मध्येच स्वीडनमध्ये एका माणसाबद्दल लिहून ठेवलंय, उजवी बाजू लुळी, बोलणं गेलेलं, पण पाठ असलेली प्रार्थनागीतं गायचा. अप्पा लहानपणापासून भजनात टाळ धरतात, चाल आणि ठेका आला की पुढचा शब्द मागच्या शब्दाचा हात धरून येतो. पाणी मागताना मात्र वाक्य नवीन बांधावं लागतं, आणि बांधणाराच भाग गेलाय. 1973 पासून अमेरिकेत ह्यावरनं एक उपचारपद्धतही निघाली, चालीवर छोटी वाक्यं म्हणायला लावायचं आणि हातावर ठेका धरायचा. आमची स्पीच थेरपिस्ट तसंच करते. "पाणी दे" आता अप्पा चालीवर म्हणतात, रोज नाही, पण म्हणतात.

तिसरा प्रश्न लोक हळू आवाजात विचारतात. अप्पांना मराठीत 'नको' येत नाही, कन्नड 'ब्याड' येतं, 'हो' म्हणायला जातात आणि कन्नड 'हौद्री' येतं. दर 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या स्थापनादिनी, मराठी भाग तिकडं गेल्याच्या निषेधाची काळी फीत लावून फेरीत चालणारा माणूस, सीमाभागात ही गोष्ट साधी राहत नाही. पण दोन भाषा मेंदूत दोन वेगळ्या कप्प्यांत नसतात, बऱ्याचशा त्याच जागा दोन्हींना लागतात, दोन्ही एकाच वेळी जाग्या असतात आणि एकीला थोपवून दुसरीला पुढं काढायचं काम वेगळे भाग करतात. ते दुखावले की जी हाताशी येईल ती येते. 1895 मध्ये पित्र नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं म्हटलं होतं की जास्त वापरातली भाषा आधी परतते, त्याच्याआधी रिबो नावाचा फ्रेंच मानसशास्त्रज्ञ म्हणायचा आधी शिकलेली टिकते, पण प्रत्येक पेशंटला दोन्ही लागू पडत नाहीत. वखारीत चाळीस वर्षं दिवसाला शंभरदा म्हटलेला 'हौद्री' आधी आला ह्यात मला तरी नवल वाटत नाही आणि त्यात अप्पांनी काही सोडलं असंही वाटत नाही.

अभंग म्हणताना ते डोळे मिटतात तेव्हा आत काय चालतं हे मला कुठल्या स्कॅनमध्ये दिसलं नाही, ते त्यांचं त्यांना.

भेटायला आलात तर मोठ्यानं बोलू नका, त्यांना ऐकू येतं. हो-नाही उत्तर येईल असं विचारा आणि थांबा, आपल्याला वाटतं त्याहून जास्त वेळ थांबा, मधे शब्द पुरवू नका. कन्नड येत असेल तर कन्नडमध्ये बोला, ते हसतात. संध्याकाळी सहानंतर कट्ट्यावर असतात, टाळ तिथंच खुंटीला आहे.