बाईंची फुलस्केप वही

१९९३ साली मी नववीत होते. पहिल्या चाचणीत नागरिकशास्त्रात आमच्या वर्गाची पार दाणादाण उडाली. मला वीसपैकी आठ. ‘अप्रत्यक्ष निवडणूक म्हणजे काय?’ या प्रश्नापुढे निम्म्या वर्गाने कोरी जागा सोडली होती. बोलणी खायची तयारी ठेवूनच आम्ही बसलो होतो. बाई आल्या, पेपर टेबलावर ठेवले आणि आपली फुलस्केप वही उघडून वाचू लागल्या, “मंगळवार, पाचवा तास. उदाहरण राज्यसभेचे दिले. मुले गप्प होती. समजले असे धरून पुढे गेले.” वही मिटून म्हणाल्या, “चूक माझी आहे. आज परत शिकवते.”

शिक्षक असं बोलतात हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो.

आमच्या ठाण्याची महानगरपालिका १ ऑक्टोबर १९८२ ची, म्हणजे आमच्याहूनही धाकटी. बाईंनी राज्यसभा सोडली आणि वर्गाचीच महापालिका केली. बाकांच्या पाच रांगा म्हणजे पाच प्रभाग, प्रत्येकीतून एक नगरसेवक. आमच्या रांगेने मला निवडलं. मग आम्हा पाच जणांना आपल्यातून महापौर निवडायचा होता. त्याआधी बाईंनी सगळ्या वर्गाला हात वर करायला सांगितले, तर पन्नासपैकी एकतीस हात माझ्यासाठी! पण पाच चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा मला दोन आणि तिसऱ्या रांगेतल्या मुलाला तीन. महापौर तो झाला. मला रडू आवरेना, आणि वर्गात एकच गलका. “हा अन्याय आहे!” “मग आमच्या मताला अर्थ काय?” बाई फळ्यापाशी शांत उभ्या राहिल्या. उत्तरं त्यांनी आमच्याकडूनच काढली. त्या दिवसानंतर ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द आमच्यापैकी कुणाला पाठ करावा लागला नाही. पुढच्या चाचणीत मला पंधरा मिळाले.

तासाच्या शेवटची पाच मिनिटं चिठ्ठ्यांची असत. ‘आज काय कळलं नाही?’ नाव घालायचं नाही. एकाने लिहिलं होतं, ‘मला काय कळलं नाही तेच सांगता येत नाही.’ दुसऱ्या दिवशी बाईंनी अख्खा तास त्या चिठ्ठीला दिला. प्रश्न कसा तयार करायचा, हे मी तिथे शिकले. महापालिका-नगरपालिकांत महिलांसाठी जागा राखून ठेवणारी ७४वी घटनादुरुस्ती त्याच वर्षी जूनमध्ये लागू झाली होती आणि आमच्या पुस्तकात तिचा पत्ता नव्हता. एका चिठ्ठीत ‘मुलींच्या राखीव जागा किती?’ असं आलं, म्हणून ती आम्हाला शिकायला मिळाली.

बी.एड.ला ‘चिंतनशील अध्यापन’ हा शब्द भेटला. काम चालू असताना होणारा विचार वेगळा आणि काम झाल्यावर मागे वळून केलेला वेगळा, हे अमेरिकी विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये मांडलं होतं. परीक्षेत मी त्यांचं नाव लिहिलं, पण डोळ्यांपुढे फुलस्केप वही होती.

नोकरी लागल्यावर पेढे घेऊन बाईंच्या नौपाड्यातल्या घरी गेले. त्यांनी कपाटातून ती वही काढली. महापौर निवडणुकीच्या पानावर तळाशी लिहिलं होतं, “हरल्यावर ती रडली. तासानंतर तिच्याशी बोलायला हवे होते. राहिले.”

बाईंनी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, “काय वाटलं होतं गं तेव्हा?” मग मी सगळं सांगितलं. चहा दोनदा झाला.