तुम्ही विचारलंत म्हणून: एवढी दांडगी बाबागाडी कशाला?

"लेकरू कडंवर घ्या की, ही जीप कशाला आणलीया?" मंडईत विचारतात, दवाखान्यात विचारतात, लग्नाच्या कार्यालयात तर हमखास विचारतात. विचारणाऱ्या मावश्या, आज्या मायेनं विचारतात हे मला कळतं. पण दीड वर्ष हसून मान हलवली, आता एकदा नीट उत्तर देते.

कडेवर घेते की. रोज घेते. पण सिझर झालेल्या बाईला सुरुवातीचे आठवडे बाळाहून जड काही उचलू नका असं सांगतात, आणि सातारा चढ-उताराचं गाव. बाळ दहा किलोचं झालं, सोबत पाणी, कपडे, भाजी धरली, की समर्थ मंदिरापर्यंतचा चढ कमरेला कळतो. तुमच्या वेळी घरात चार जणी होत्या, एकीकडून दुसरीकडे बाळ जायचं. आता ती एक कड माझीच आहे.

लग्नाआधी मीही तुमच्यासारखंच म्हणायचे. गाडी म्हणजे शहरातले लाड, झोळी आणि कड पुरेशी आहे. त्यामुळे गाडी घ्यायची वेळ आली तेव्हा आधी हलकी घेतली, छत्रीसारखी मिटणारी, सहा किलोची, दोन-दोन छोट्या चाकांची. ही घडण 1965 साली ओवेन मॅक्लारेन या विमानाच्या चाकांवर काम केलेल्या इंग्रज अभियंत्यानं काढली. विमानप्रवासाला आणि गुळगुळीत फरसबंदीला ती उत्तम आहे. आपल्याकडे गटारावरच्या जाळीत तिचं चाक अडकतं, आणि अडकलं की गाडी जागच्या जागी थांबते, ढकलणारा मात्र पुढे जातो.

यात नशिबाचा भाग नाही, हिशोब आहे. रस्त्यातला उंचवटा पाच सेंटीमीटरचा असेल, तर सहा इंची चाक त्यावर सरळ ढकलून चढवायला बारा इंचीच्या जवळजवळ अडीचपट जोर लागतो. खोदलेल्या आणि अर्धवट बुजवलेल्या रस्त्यावर पाच सेंटीमीटर म्हणजे काहीच नाही. म्हणून ही तीन चाकांची गाडी: पुढे बारा इंची, मागे दोन सोळा इंची, तिन्हीत हवा, मागे स्प्रिंग. रिकामी असतानाच तेरा किलो भरते. तुम्ही तिला जड म्हणता ते अगदी खरं आहे. पण जड आहे ती उचलायला. ढकलायला ती हलकी आहे, दोन बोटांनी चालते.

हवेच्या चाकांचं काम मात्र सतत निघतं. बाभळीचा काटा लागला की पंक्चर. ट्यूब काढून नुसता तुकडा चिकटवला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसते, कारण काट्याचं टोक टायरमध्येच राहिलेलं असतं. टायरच्या आतून सुती फडकं गोल फिरवायचं, जिथे अडकेल तिथे काटा. माझ्या गाडीचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा आहे, त्याला साध्या सायकलचा पंप लागत नाही. पण म्हणून पेट्रोल पंपावर जाऊ नका. तिथली हवा जोरात येते आणि ही ट्यूब इतकी लहान की दोन सेकंदांत फुटते. पायपंप घ्या आणि टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यापुढे जाऊ नका. माझ्या टायरवर 30 पीएसआय आहे, मी 25 ठेवते, खडीवर धक्के कमी बसतात. नवी ट्यूब घेताना दुकानात "सोळा इंची द्या" एवढंच म्हणू नका, सोळा इंचीत दोन वेगळे घेर येतात. कडेवर 47-305 असं काही लिहिलेलं असतं, त्यातला रेघेनंतरचा आकडा, इथे 305, जुळला पाहिजे. 349 चा टायर त्या रिमवर बसत नाही. पुढच्या बारा इंचीला बहुधा 203 असतं, लहान मुलांच्या सायकलची ट्यूब चालते.

आता ते, जे मी सहसा सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात बोगद्याकडून समर्थ मंदिराकडे उतरत होतो. गाडीत बाळ, खालच्या जाळीत तीनेक किलो सामान. कडेला थांबवली, पायानं ब्रेक दाबला, खट्कन आवाज आला, आणि मी छत्री उघडायला हात सोडला. दांड्याला मनगटात घालायचा पट्टा असतो, तो घातला नव्हता. गाडी निघाली.

ब्रेक लागला होता, आणि लागला नव्हता. या गाडीत पायाची पट्टी दाबली की मागच्या दोन्ही चाकांच्या आत एकेक खिळ स्प्रिंगनं पुढे सरकते आणि चाकाच्या चकतीतल्या खाचेत बसते. खिळ नेमकी दातावर आली तर ती तिथेच टेकून राहते. चाक दोन-तीन सेंटीमीटर फिरल्यावर खाच समोर येते आणि ती आत पडते. नेहमी असंच होतं, म्हणून आपण लक्ष देत नाही. त्या दिवशी खाचांमध्ये आदल्या आठवड्याची लाल माती वाळून बसली होती. पट्टी खाली, आवाजही आला, पण खिळींना आत पडायला जागाच नव्हती.

दहा फुटांना एक फूट उतार धरा. सगळं मिळून सव्वीस किलो वजन. हातात धरून ठेवायला जेमतेम अडीच-तीन किलोचा जोर लागतो, म्हणून उतार जाणवत नाही. सोडली तर तीन सेकंदांत साधारण चार मीटर. खड्ड्यांवरून अलगद जाणारं चाक, ज्याचं मी वर कौतुक केलं, तेच चाक इथेही अलगदच गेलं. ती सहा इंची चाकं पहिल्या खड्ड्यात अडकली असती. हे मी अनेक रात्री मनात फिरवलं आहे.

पुढचं चाक मोकळं होतं, म्हणजे चारी बाजूंना वळणारं. खळग्यात गेल्यावर ते डावीकडे वळलं आणि गाडी गटाराच्या कठड्याला तिरकी धडकून कलली. पलंगपोस विकणाऱ्या एका दादांनी धावत येऊन दांडा धरला आणि चाकाखाली दगड सारला. पाचही पट्टे लावलेले होते, दोन खांद्यांचे, दोन कमरेचे, एक पायांमधला, म्हणून बाळ जागचं हललं नाही. छातीवरच्या बक्कलावर ओठ आपटला. रक्त आलं. दुसऱ्या दिवशी सूज उतरली.

"तरी आम्ही म्हणत होतो" हे वाक्य त्या आठवड्यात अकरा वेळा ऐकलं. मोजत होते.

तेव्हापासून: धुताना मागची चाकं बटण दाबून काढते, जुन्या दात घासायच्या ब्रशनं खाचा साफ करते, वाळवते. तेल घालत नाही, तेलावर धूळ बसून तोच लगदा पुन्हा होतो. सिलिकॉनचा फवारा पुरतो. ब्रेक दाबल्यावर हात न सोडता गाडी पुढे-मागे ढकलून बघते, दोन्ही चाकं अडली तरच सोडते. उतारावर गाडी आडवी लावते, तोंड भिंतीकडे. पट्टा मनगटात असतोच. हे सगळं गाडीसोबतच्या पुस्तकात लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं.

आणि दांड्याला पिशवी लावत नाही. चार किलो भाजी दांड्यावर असताना बाळ उचललं की गाडी मागे उलटते, कारण पुढचं वजन गेलेलं असतं. सामान खालच्या जाळीत, दोन चाकांच्या मध्ये. उन्हात वरून दुपट्टा पांघरता तोही पांघरू नका. आत हवा खेळत नाही आणि बाळ तापतं. टप पुढे ओढा, बाजू मोकळ्या ठेवा.

सांगलीच्या नणंदेचं म्हणणं वेगळं आहे. तिच्याकडे सपाट, ब्रेकची तेवढी चिंता नाही, पण पावसात काळी माती चाक आणि चाक धरणाऱ्या चिमट्याच्या फटीत भरून चाकच फिरत नाही. तिनं टायर बारीक घेतले, फट वाढली, गाडी चालते. माझा सल्ला तिला लागू नाही, तिचा मला नाही.

एक प्रश्न मला अजून सुटलेला नाही. खडबडीत रस्त्यावर आणि उतारावर पुढचं चाक सरळ करून खटका लावावा, असं जाणकार सांगतात. मोकळं चाक वेगात थरथरतं, अचानक आडवं होतं आणि गाडी उलटू शकते. बरोबर आहे. पण त्या दिवशी खटका लावलेला असता तर गाडी सरळ गेली असती, आणि सरळ खाली वाहनांचा रस्ता होता. नियम मोडला म्हणून ती वळली. नियमानं मनगटात पट्टा घातला असता तर वळायची वेळच आली नसती, हेही खरं. आता मी उताराला खटका लावते. लावताना दर वेळी हात थांबतो.

मोती चौकात गर्दीच्या वेळी मात्र गाडी घरीच ठेवते. मागच्या चाकांची रुंदी त्रेसष्ट सेंटीमीटर आहे, दोन हातगाड्यांमधून ती जात नाही, आणि एसटीतही चाकं काढल्याशिवाय चढत नाही. तेव्हा बाळ कडेवरच असतं, आणि तेव्हा कुणी विचारत नाही.