महाराजांना आलेली चिठ्ठी

परवा मामाच्या गावी सप्त्याला गेलो होतो, निफाडकडं. नाशकातून तासाभराचा रस्ता पण निघायलाच उशीर, त्यामुळं पोचलो तोवर कीर्तन अर्धं झालेलं. महाराज एकदम रंगात, मृदंगवाला घामाघूम, आणि विषय काय तर कांदा! अभंगाचं चरण सोडवता सोडवता महाराज डायरेक्ट लासलगावच्या मार्केटात उतरलेले. म्हणे डिसेंबर २०२३ ला सरकारनं निर्यात बंद केली, मे २०२४ ला उघडली ती पण ४० टक्के शुल्क लावून, आणि मधे तुमचा लाल कांदा, जो साठवणीच्या चाळीत टिकतच नाही, तो मिळेल त्या भावाला गेला की नाही? मांडवातून "गेला!" असा आवाज आला की टाळकऱ्यांचा ठेका चुकला.

तेवढ्यात चिठ्ठी आली. ज्यांच्याकडं मांडव आणि काल्याचा महाप्रसाद होता त्या बाजूनं. महाराजांनी वाचली, घडी करून बाराबंदीच्या खिशात टाकली आणि "विठ्ठल विठ्ठल" चा गजर धरला. कांदा संपला. मागनं कळलं, चिठ्ठीत लिहिलेलं की राजकारण नको, विषयावर या.

आता खरी गोष्ट सांगतो. त्याच महाराजांनी त्याआधी पाऊण तास पोरींच्या मोबाईलवर आणि कपड्यांवर जोक मारले होते (हे मामीनं सांगितलं, कपाळाला आठ्या घालून). तेव्हा चिठ्ठी नाही. गेल्या वर्षी दुसरे महाराज आलेले, त्यांनी सरकारचं पंधरा मिनिटं कौतुक केलं, तेव्हाही नाही. कौतुक केलं की ते प्रबोधन, तक्रार केली की राजकारण. आणि मी पण काही धुतल्या तांदळाचा नाही हां, २०१३ च्या आसपास एक महाराज तेव्हाच्या सरकारची मस्त टर उडवायचे तेव्हा मी पुढं बसून हसायचो, तेव्हा मलाही नव्हतं वाटलं की कीर्तनात हे कशाला.

रात्री ओट्यावर मामाला म्हणलं, "मामा, तुमचाच कांदा होता ना त्यात?"
"होता की. पण महाराजांनी देवाचं बोलावं."
"मग गेल्या वर्षी?"
"ते वेगळं." आणि तंबाखू मळत बसला.

कायदा विचाराल तर तो या मांडवापेक्षा कितीतरी मोकळा आहे. सुप्रीम कोर्टानं १९६२ सालीच केदारनाथ सिंग केसमधे सांगितलंय की सरकारवर कितीही कडक शब्दांत टीका करा, हिंसेला किंवा दंगलीला चिथावणी नसेल तर तो राजद्रोह नाही. ते राजद्रोहाचं १२४-अ कलम इंग्रजांनी १८७० ला आणलं, त्यात टिळक दोनदा आत गेले. आता जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं १५२ कलम आलंय, शब्द बदललेत, भीती किती बदलली ते वकील लोकांना विचारा. आणि आपल्या नाशकातच १९०९ ला बाबाराव सावरकरांना छापलेल्या कवितांवरून जन्मठेप झाली होती, काळं पाणी! तिथं निदान कोर्ट तरी होतं, आरोप लिहून मिळत होता. इथं वहीचं पान फाडून चार शब्द, खाली सही पण नाही.

महाराजांचा पण राग येत नाही मला. बिदागीवर घर चालतं, पुढच्या तारखा ह्याच लोकांच्या शिफारशीनं मिळतात, एका तालुक्यात नाव खराब झालं की शेजारच्या तालुक्यातला फोन बंद. राग आला तो त्या "गेला!" म्हणणाऱ्या मांडवाचा, चिठ्ठी फिरली तसा अख्खा मांडव गप. मी पण गपच होतो, टाळ्या वाजवत होतो गजराला.

सकाळी निघताना मामानं डिकीत अर्धी गोणी कांदा टाकला. म्हणला, "लिहिशील बिहिशील तर माझं नाव नको टाकू. आणि गावाचं पण."