काटोल, पुणे, हिंगणा: घरच्या कंपनीची ऑनलाइन बोर्ड मीटिंग

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचा संत्र्यांसाठी पुठ्ठ्याची खोकी बनवायचा छोटा कारखाना आहे. संचालक चौघं, सगळे घरचेच: बाबा, काका, दादा आणि मी. दादा नोकरीनिमित्त पुण्यात, काका काटोलला शेतावर. जेवायला बसल्या बसल्या धंद्याचे निर्णय घ्यायचे दिवस गेले. त्यातच नवीन मशीनच्या कर्जासाठी बँकेनं बोर्डाच्या ठरावाची प्रत मागितली. कर्ज घ्यायचा ठराव कंपनी कायद्याच्या कलम १७९ प्रमाणे बोर्डाच्या बैठकीतच व्हावा लागतो, कागद फिरवून सह्या गोळा केल्या तर चालत नाही. बैठक व्हिडिओवर घेतली तर मात्र चालते. सीएंनी बोर्डाच्या बैठकांबाबतचे २०१४ चे नियम पाठवले आणि जुळवाजुळव माझ्या गळ्यात पडली.

व्हिडिओवर आम्ही आधीही बोलायचो, पण त्यातला अर्धा वेळ 'आवाज येऊन राहिला काय?' यातच जायचा. काका फोन कपाळाशी धरायचे, बाबा मधेच उठून जायचे, शेवटी काय ठरलं ते प्रत्येकाला वेगळंच आठवायचं.

नोटीस किमान ७ दिवस आधी द्यावी लागते. या सात दिवसांचा मी पुरेपूर फायदा घेतला. अजेंड्यावर नुसतं 'मशीनबाबत' असं लिहिलं की चर्चा काटोलच्या बाजारभावापासून सुरू होते, हे मला घरातल्या अनुभवानं माहीत. म्हणून प्रत्येक विषय प्रश्न करून लिहिला: कर्ज या बँकेकडून घ्यायचं का? वैयक्तिक हमी कोणी द्यायची? मशीन आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या तोडणीआधी बसली नाही तर ऑर्डर कशा भागवायच्या? सोबत दोन्ही कोटेशन आणि हप्त्यांचा तक्ता. काकांसाठी मोठ्या अक्षरांतली प्रिंट काटोलच्या बसमध्ये ओळखीच्या कंडक्टरकडे दिली, कारण मोबाइलवरचा तक्ता ते उघडणार नाहीत याची खात्री होती. वेळ सकाळी नऊची. मे महिन्यात नागपुरात दुपारी मीटिंग ठेवणं म्हणजे कूलरशी स्पर्धा, आणि लाइट गेली तर तीही नाही.

नियमांतली सगळ्यात कामाची गोष्ट निघाली हजेरी. सुरुवातीला अध्यक्षांनी प्रत्येकाला विचारायचं, आणि प्रत्येकानं सांगायचं: नाव, कुठून बोलतोय, अजेंडा आणि कागद मिळाले का, आणि आपल्या जागी दुसरं कोणी बैठक ऐकत किंवा पाहत नाही ना. अध्यक्ष म्हणजे बाबाच. त्यांनी चष्मा लावून वाचायला घेतलं. दादानं एका दमात उत्तरं दिली. काकांची पाळी आली.

"मी काटोलवरून बोलून राहिलो. कागद भेटले."

"आणि काका, सोबत कोणी?" मी विचारलं.

स्क्रीनच्या कडेला चहाचा कप धरलेला एक हात दिसत होता. जावईबापू. काकांना दर वाक्यामागे हळूच सुचवायची त्यांची जुनी सवय.

"काऊन वं, घरचाच माणूस तर आहे!"

बाबा शांतपणे म्हणाले, "घरचा आहे, संचालक नाही. कागदावर लिहिलंय, मी नाही म्हणत." कप सरकला, दार लागल्याचा आवाज आला. हेच मी म्हटलं असतं तर दिवाळीपर्यंत अबोला झाला असता. नियमाच्या तोंडून आलं म्हणून कोणालाच लागलं नाही. शिवाय हजेरीतच सगळ्यांचे माइक तपासून झाले, तो फायदा वेगळाच.

बोलण्याआधी नाव सांगायचं, हा नियम घरच्यांना गंमतीचा वाटला. 'मी, तुझा काका, बोलतो' इथवर आम्ही तडजोड केली. आवाज तुटला की अध्यक्षांनी ते वाक्य पुन्हा म्हणायला लावायचं, असंही नियमांत आहे. हमीबद्दल दादा बोलत असताना नेमकं नेटवर्क गेलं. आम्ही त्याचं होकारार्थी धरून पुढे निघालोच होतो. बाबांनी थांबवलं, आणि परत विचारल्यावर कळलं की त्याचा विरोध होता: पुण्यातल्या फ्लॅटचं कर्ज चालू असताना ही हमी त्याला नको होती.

मग मतं घेतली. प्रत्येक विषय संपला की अध्यक्षांनी निर्णय आणि विरोध करणाऱ्याचं नाव मोठ्यानं सांगायचं असतं. बाबांनी सांगितलं: कर्ज मंजूर, हमी बाबांची आणि काकांची, हमीच्या मुद्द्यावर दादाचा विरोध. मुलाचं नाव विरोधात घेताना त्यांचा आवाज किंचित अडखळला, पण घेतलं. इतिवृत्तात ते तसंच गेलं.

इतिवृत्ताचा मसुदा १५ दिवसांत सगळ्यांना पाठवायचा असतो. मी त्याच संध्याकाळी पाठवला, कारण आठवडा उलटला की प्रत्येकाची आठवण आपापल्या सोयीची होते. दुरुस्त्या सुचवायला ७ दिवस. दादाचं 'ठीक' लगेच आलं. काकांनी प्रिंटवर लाल पेनानं खुणा करून फोटो पाठवला: त्यांच्या नावात वेलांटी चुकली होती, आणि 'काटोलहून' असं लिहिलं होतं त्या ठिकाणी त्यांना शेताचा गट नंबरही हवा होता. वेलांटी सुधारली. गट नंबरही घातला, त्यानं कोणाचं काय बिघडतं? ठरावाची प्रत बाबांच्या सहीनं बँकेत गेली.