तुम्ही विचारलंत म्हणून: व्ही-एट का नाही टाकत?

हा प्रश्न मला दोन प्रकारची माणसं विचारतात. एक इथली, कॅलिफोर्नियातली, गाड्यांमधली जाणकार. माझ्या जुन्या फोर्डचं बॉनेट उघडं दिसलं की येतात, वाकून बघतात आणि म्हणतात छान बांधलंय पण व्ही-एट, म्हणजे व्ही आकारात आठ सिलिंडर असलेलं इंजिन, का नाही टाकला. दुसरे आपले मराठी मंडळातले, ते म्हणतात काका एवढे पैसे आणि एवढे शनिवार घालून शेवटी चारच सिलिंडर? दोघांनाही मी जागेवर काहीतरी गुळमुळीत बोलून सोडतो कारण खरं उत्तर लांबलचक आहे. आज लांबलचकच देतो.

आधी वस्तू काय आहे ते. फोर्ड मॉडेल ए चं इंजिन, 1928 ते 31 च्या गाड्यांमधलं. 3.3 लिटर, बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी साधारण 98 मिलिमीटर आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वरखाली चाल 108, म्हणजे पिस्टन हातात घेतला की ओंजळ भरते. आणि एवढ्या धुडातून ताकद किती, तर 40 हॉर्सपॉवर, 2200 आरपीएमला. आजची बाराशे सीसीची हॅचबॅक याच्या दुप्पट देते. कारण कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती दाबलं जातं ते प्रमाण, फक्त 4.22 ला 1, तेव्हाचं पेट्रोल जास्त दाबलं की नॉक करायचं, म्हणजे आपोआप भडकून इंजिन ठोके द्यायचं. शिवाय व्हॉल्व्ह हेडमध्ये नाहीतच, ब्लॉकमध्ये सिलिंडरच्या शेजारी उभे, वर नुसतं जाड झाकण, म्हणून फ्लॅटहेड. ज्यांनी महिंद्राची जुनी सीजे-थ्रीबी जीप उघडलेली बघितलीय त्यांना अर्धं चित्र डोळ्यासमोर येईल, तिच्यात एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये आणि इनटेकचे वर हेडमध्ये असतात. इथे दोन्ही खाली.

आता लोकांना वाटतं हॉट रॉड, म्हणजे ताकद वाढवून पळवायला बांधलेली जुनी गाडी, म्हटली की व्ही-एटच, पण फोर्डचा व्ही-एट आला 1932 मध्ये आणि पोरांनी गाड्यांचे मडगार्ड काढून त्या पळवायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात केली होती. मॉडेल टी चं इंजिन 20 हॉर्सपॉवरचं, त्यावर फ्रंटेनॅक नावाचं ओव्हरहेड व्हॉल्व्हचं, म्हणजे व्हॉल्व्ह वर असलेलं, हेड मिळायचं आणि ते बनवायचे कोण तर शेव्हर्ले बंधू, हो तेच, ज्यांचं आडनाव फोर्डच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धकाच्या गाडीवर आहे. 1923 च्या इंडियानापोलिस 500 मध्ये एल. एल. कोरम नावाच्या ड्रायव्हरने असं हेड लावलेली फोर्ड पाचव्या नंबरावर आणली, समोर खास रेसिंगसाठी बांधलेल्या महागड्या गाड्या असताना. मला विचाराल तर या सगळ्या नादाचं मूळ तिथे आहे. मॉडेल ए आल्यावर रायली, क्रेगर यांची ओव्हरहेड हेड्स आली, एड विनफिल्डचे कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि कार्ब्युरेटर आले, आणि पोरं शहरातून निघून म्युरॉकच्या कोरड्या तलावावर जायची, जिथे आता एडवर्ड्स हवाई तळ आहे. व्ही-एट आल्यानंतरही सुरुवातीची काही वर्षं तिथे नीट तयार केलेली चार सिलिंडरवाली इंजिनं त्याला मागे टाकत होती. लाडाने त्यांना बँगर म्हणतात.

पण इतिहास हे काही माझं कारण नाही, तो वाचायला बरा. कारण क्रँकशाफ्टमध्ये आहे, म्हणजे पिस्टनच्या वरखाली चालीने गोल फिरणाऱ्या दांड्यात.

मॉडेल ए चा क्रँक मेन बेअरिंगवर, म्हणजे तो ब्लॉकमध्ये ज्यांवर टेकून फिरतो तिथे, 41 मिलिमीटरच्या आसपास जाड. चार पिस्टन आणि मेन बेअरिंग तीन. काउंटरवेट, म्हणजे तोल साधणारी वजनं, नाहीत. चार सिलिंडरमध्ये एक आणि चार नंबरचे पिस्टन एकत्र वर जातात, दोन आणि तीन एकत्र, म्हणजे मधल्या मेन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना जे दोन पिस्टन आहेत ते त्याला एकाच वेळी एकाच दिशेला ओढतात, आणि आरपीएम दुप्पट केला की ही ओढ चौपट होते. मधे क्रँक धनुष्यासारखा वाकायला बघतो. आणि बेअरिंग कसली, तर बॅबिटची, आपल्याकडे वर्कशॉपमध्ये ज्याला व्हाइट मेटल म्हणतात ती, कथील-अँटिमनी-तांब्याचा मऊ मिश्रधातू, वितळवून थेट ब्लॉकमध्ये आणि पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडमध्ये ओतायचा आणि मग मापाला कोरून घ्यायचा. ऑइलचा पंप आहे पण तो ऑइल व्हॉल्व्ह चेंबरमध्ये नेऊन सोडतो, तिथून मेन बेअरिंगला ते आपल्या वजनाने खाली येतं. रॉडला तर तेवढंही नाही, रॉडच्या टोकाला पळी आहे ती खालच्या ट्रेमधून ऑइल उडवते. 2200 ला हे सगळं वर्षानुवर्षं चालतं, माझ्यापेक्षा जास्त वयाची इंजिनं न उघडता चाललेली आहेत.

मग माणूस येतो आणि हाय कॉम्प्रेशन हेड बसवतो. दुकानातून आणलं, दुपारी बसलं, संध्याकाळी गाडी पळाली, खूश. हे मला पटत नाही. साडेपाच किंवा सहाला एकपर्यंत चांगलं ओतलेलं बॅबिट ऐकून घेतं, रोजच्या गाडीला तेवढं पुरतं पण. त्याच्या वर जायचं असेल तर आधी खालचं काम काढा. क्रँकला काउंटरवेट, बॅलन्सिंग, ब्लॉकला भोकं पाडून मेन बेअरिंगला प्रेशरने ऑइल, जमलं तर शेल बेअरिंग, म्हणजे ओतायच्या ऐवजी तयार मिळणारी पातळ कवचं. मूळचं फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाचं जड चाक, 63 पौंडांचं म्हणजे 28 किलोच्या वर आहे, ते लेथवर उतरवून घ्या. किंवा सरळ 1932 च्या मॉडेल बी चा ब्लॉक शोधा, त्याचा क्रँक 51 मिलिमीटरचा आणि मेनला प्रेशर ऑइल कंपनीतूनच आहे, म्हणजे फोर्डलाही तेच दुखणं दिसलं होतं. 

आणि वरही मर्यादा येतेच. फ्लॅटहेडमध्ये कॉम्प्रेशन वाढवायला हेडची पोकळी उथळ करायची, पण व्हॉल्व्हपासून सिलिंडरकडे जायची वाट त्याच पोकळीतून जाते, ती चिंचोळी झाली की इंजिनचा श्वासच अडकतो. एकीकडे दाब मिळाला तर दुसरीकडे हवा गेली. ओव्हरहेड हेड लावलं तर हवा सुटते, मग ताकद वाढते, मग परत क्रँक. इथे फिरून फिरून क्रँकच येतो.

तर हे उत्तर आहे. व्ही-एट म्हणणाऱ्या बहुतेकांच्या मनात शेव्हर्लेचा 1955 पासूनचा स्मॉल-ब्लॉक नावाचा व्ही-एट असतो, तो ऑर्डर करता येतो, खोक्यात येतो, आणि सुरुवातच मला हवीय त्याच्या तिप्पट ताकदीपासून होते. मी नावं ठेवत नाही, उत्तम इंजिन आहे. पण मग मला करायला काय उरलं? बँगरमध्ये दहा हॉर्सपॉवर वाढवायचे तर ते कुठून येणार आणि कोणाच्या डोक्यावर बसणार हे कागदावर मांडावं लागतं, मला तो कागद आवडतो.

सांभाळायचं कसं हेही विचारतात म्हणून पटकन. ऑइल फिल्टर नाही, त्यामुळे ऑइल लवकर लवकर बदलायचं, त्यात कंजूषपणा नको. हेड बसवल्यावर नट 55 फूट-पौंडाला कसायचे, इंजिन गरम करून परत, थोडी चालवून परत, गॅस्केट दबत जातं. बेअरिंगच्या टोप्यांखाली शिम म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, बॅबिट झिजलं की एकेक शिम काढून खेळ कमी करता येतो, इंजिन बाहेर न काढता, फक्त खालचं चेंबर उतरवून, पाठीवर झोपून, तोंडावर ऑइल घेत. आजच्या कुठल्या इंजिनला बेअरिंग असं जागेवर आवळता येतं सांगा. स्पार्कचा टायमिंग स्टिअरिंगवरच्या लिव्हरने हाताने पुढेमागे करायचा, सुरू करताना मागे, वेग आला की पुढे. चढावर इंजिन ओढायला लागलं की हात आपोआप तिकडे जातो, आणि मला वाटतं नॉक ऐकायची सवय यातूनच लागते, कारण ऐकलं नाहीत तर नुकसान तुमचंच. आवाज कुठल्या रॉडचा आहे ते कळायला एकेक प्लग शॉर्ट करून बघायचं, ज्या सिलिंडरला बंद केल्यावर ठोका मऊ पडतो तो रॉड. ही युक्ती आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या मेकॅनिकला ठाऊक आहे.

बॅबिट ओतणारे मात्र कमी होत चाललेत. चांगल्याकडे नंबर लावावा लागतो, आणि वाईट ओतलेलं बॅबिट दिसायला अगदी चांगल्यासारखंच दिसतं, ते कळतं गाडी महामार्गावर असताना. शेल बेअरिंगकडे लोक वळतायत ते त्यामुळेच, मला त्यात काही पाप वाटत नाही, शुद्धतावाल्यांनी माफ करावं.

आणि जाता जाता, 1932 चा फोर्डचा तो मूळ व्ही-एट, ज्याने हे सगळं बदललं, तो होता 65 हॉर्सपॉवरचा, आणि मेन बेअरिंग त्यालाही तीनच. तो कोणी देत असेल तर मी नाही म्हणणार नाही. फक्त गॅरेजमध्ये जागा नाही, तिथे सध्या मॉडेल बी चा एक ब्लॉक पडलाय, त्याच्या व्हॉल्व्ह सीटपासून सिलिंडरपर्यंत तडे गेलेत का ते तपासून घ्यायचं राहिलंय.