क्रिएटिनिन वाढलंय म्हणून पहिला डोस कापू नका

पावसाळ्यात मुंबईच्या आयसीयूत अंगावर सूज आणि लघवी कमी, असा सेप्सिसचा (जंतुसंसर्ग सगळ्या शरीरावर उलटलेला) पेशंट नेहमीचाच. अमिकासिन हे अँटिबायोटिक लिहिलं जातं आणि क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात साचणारा कचरा) ३ दिसलं की पहिलाच डोस निम्मा होतो. हे थांबायला हवं.

अमिकासिन पाण्यात राहणारं औषध. चरबीत फारसं शिरत नाही, पेशींच्या आतही जेमतेमच. रक्त आणि पेशींबाहेरचं पाणी, एवढीच त्याची जागा. ६० किलोच्या धडधाकट माणसात ती साधारण १५ लिटर. किलोमागे १५ मिग्रॅ म्हणजे ९०० मिग्रॅ दिलं, की रक्तात लिटरमागे ६० मिग्रॅ. सेप्सिसमध्ये केशवाहिन्या गळतात, वरून आपण तीन-चार लिटर सलाईन चढवलेलं असतं. जागा २४ लिटर झाली तर तेच ९०० मिग्रॅ ३७-३८ वर अडकतं. जंतू मारायला पीक, म्हणजे डोसनंतरची रक्तातली सर्वांत वरची पातळी, उंच लागतो, म्हणून गंभीर सेप्सिसमध्ये पहिला डोस किलोमागे २५ ते ३० मिग्रॅ सुचवतात. या भागाकारात किडनी कुठेच येत नाही.

ती येते दुसऱ्या डोसपासून. यकृत या औषधाला हात लावत नाही, ते जसंच्या तसं लघवीतून जातं. किडनी ठणठणीत असेल तर दोन-तीन तासांत निम्मं. लघवी बंद असेल तर निम्मं व्हायलाच ३० तास किंवा त्याहून जास्त. म्हणजे ६० वरून निघालेली पातळी दुसऱ्या दिवशीही ३४ च्या आसपास. तेव्हा अंतर वाढवा: २४ ऐवजी ३६, ४८ तास, आणि ट्रफ, म्हणजे पुढच्या डोसआधीची सर्वांत खालची पातळी, लिटरमागे ५ मिग्रॅच्या खाली आल्याशिवाय पुढचा डोस नको. किडनीच्या नलिका आणि आतला कान हे औषध धरून ठेवतात, आणि गेलेलं ऐकू येणं बहुधा परत येत नाही. क्रिएटिनिनच्या भरवशावर राहू नका, ते इजेनंतर उशिरा चढतं. लघवी भरपूर होत असली तरी.

आता हातातलं काम. १०० मिली सलाईनची बाटली रिकामी झाली म्हणजे डोस गेला असं नाही. आयव्ही सेटच्या नळीत १५-२० मिली उरतं, जवळपास सहावा हिस्सा. सिस्टरना सांगून नळी सलाईनने फ्लश करून घ्या, मगच ड्रिप संपल्याची वेळ लिहा. त्याच बाटलीत पायपरासिलिन हे दुसरं अँटिबायोटिक मिसळू नका. पीक मोजायचं रक्त ड्रिप संपल्यावर अर्ध्या तासाने, दुसऱ्या हातातून. औषध गेलेल्या कॅन्युलातूनच (शिरेतल्या नळीतूनच) काढलं तर आकडा खोटा मोठा येतो आणि पुढचा डोस उगाच कापला जातो.