उपरी मुळं : तपासणीचा रकाना मोडीत, नवा रकाना चिन्हाचा

वर्गमुळाचं समीकरण सोडवताना दोन्ही बाजूंचा वर्ग केला की कधीकधी मूळ समीकरणात न बसणारी उत्तरं शिरतात; तीच उपरी मुळं. ती पकडायला मागच्या नोंदीत तक्त्यात एक तपासणीचा रकाना केला होता, उत्तर मूळ समीकरणात घालून पाहणारा. तो फेकून द्यावा लागला. दोन्ही बाजूंतला फरक ०.००१ पेक्षा कमी आला की ‘बरोबर’, एवढाच त्याचा हिशेब. साध्या गणितांत तो बिनबोभाट चालतो. √(क्ष + ७) = क्ष − ५ चा वर्ग केला की क्ष² − ११क्ष + १८ = ०, मुळं ९ आणि २. क्ष = ९ ला ४ = ४. क्ष = २ ला डावीकडे ३, उजवीकडे −३; फरक ६, मूळ बाद.

√क्ष = क्ष − ०.०००१ ला मात्र तो तोंडावर आपटला. खरं मूळ १.०००२ च्या आसपास. दुसरं शून्याला चिकटलेलं, जवळजवळ ०.०००००००१. तिथे डावी बाजू ०.०००१, उजवी −०.०००१. फरक जेमतेम ०.०००२, म्हणून तक्त्यानं उपऱ्यालाही ‘बरोबर’चा शिक्का मारला. मर्यादा बारीक करणं ही मलमपट्टी झाली: फार बारीक केली तर (५ + √१३)/२ सारखं अपरिमेय पण खरं मूळ दशांशांच्या घासाघाशीत बाद होतं.

उपाय डोळ्यांसमोरच होता. वर्ग केलेल्या समीकरणाच्या मुळाला मूळ समीकरणाच्या दोन्ही बाजूंचं परिमाण (चिन्ह सोडून किंमत) सारखंच असतं, चुकलं तर फक्त चिन्ह चुकतं. मग फरक मोजायचाच कशाला? करणी (वर्गमुळाचं पद) एकटी डावीकडे ठेवा आणि उजवी बाजू ऋण आहे का एवढंच विचारा. वर्गमुळाच्या चिन्हाखालची राशी ऋण नाही ना, हे वेगळं तपासायची गरज नाही, ती एका वर्गाइतकीच असते. ‘प्रांत (क्ष च्या चालणाऱ्या किमती) बघितला की झालं’ म्हणणाऱ्यांनी क्ष = २ पुन्हा पाहावं: वर्गमुळाखाली ९ आहेत, प्रांताची हरकत नाही, तरी मूळ खोटं.

आलेख काढणाऱ्या जिओजेब्रा या सॉफ्टवेअरमध्ये हे झकास दिसतं, पण नुसती वरची फांदी, म्हणजे य = √(क्ष + ७), काढू नका. य² = क्ष + ७ हे पूर्ण आडवं अन्वस्त काढा. य = क्ष − ५ ही रेषा वरच्या फांदीला (९, ४) वर आणि खालच्या फांदीला (२, −३) वर छेदते. उपरं मूळ राहतं ते त्या खालच्या फांदीवर.

दोन करण्या असतील तर चिन्ह प्रत्येक वर्गाच्या वेळी बघायचं. √(२क्ष + ३) − √(क्ष − २) = २ मध्ये पहिली करणी एकटी केली की उजवीकडे २ + √(क्ष − २), हे ऋण होणारच नाही. पुढे क्ष + १ = ४√(क्ष − २), मग क्ष² − १४क्ष + ३३ = ०. मुळं ३ आणि ११, दोन्ही खरी. मधल्या वजाचं अधिक करा: वर्गसमीकरण तेच, पण वाटेत क्ष + १ = −४√(क्ष − २) येतं. क्ष किमान २, म्हणजे डावी बाजू धन. दोन्ही मुळं बाद.

घनमुळांना तपासणीतून सूट द्यायचं ठरत होतं, कारण घन करताना चिन्ह हरवत नाही. तेवढ्यात ∛(२क्ष − १) + ∛(क्ष − १) = १ आडवं आलं. घन करून, आत पुन्हा येणाऱ्या दोन घनमुळांच्या बेरजेच्या जागी १ ठेवून परत घन केला की क्ष²(क्ष − १) = ०. क्ष = १ बरोबर, पण क्ष = ० ला बेरीज −२! दोष घनाचा नाही, त्या १ ठेवण्याचा. अ + ब = क मध्ये (अ, ब ही घनमुळं, क उजवी बाजू) तसं केलं की (अ − ब)² + (ब + क)² + (क + अ)² हा जादा अवयव शिरतो, आणि तो अ = ब = −क असतानाच शून्य होतो. तेव्हा सूट रद्द. घनमुळांच्या रकान्यात एवढंच विचारायचं की दोन्ही घनमुळं सारखी आणि उजव्या बाजूच्या उलट चिन्हाची आहेत का.